मॉन्ट्रियलचा गोल कोण राखणार?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं काम मुख्यतः खुब्याचं आणि गुडघ्याचं, आणि मॉन्ट्रियलमध्ये हे दोन सांधे दुखतात म्हणून येणाऱ्या तरुणांत आइस हॉकीचे गोलरक्षक हमखास असतात. दोन्ही गुडघे एकदम बर्फावर टेकायचे, पोटऱ्या बाहेर पसरायच्या, आणि लगेच पुन्हा उठायचं. सरावात हे शेकडो वेळा होतं. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत आत वळतं आणि कडेला घासायला लागतं. त्या सांध्याभोवतीचे स्नायू एवढा भार सोसण्याइतके तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून आमच्या शहराच्या संघातल्या एखाद्या होतकरू गोलरक्षकाला लगेच वर आणा, अशी मागणी सुरू झाली की मला त्या मुलाची काळजी वाटते.

सध्या ही मागणी जेकब फाउलरसाठी होते आहे. तो फ्लोरिडातल्या मेलबर्नचा. 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या मुलांना संघ ठरलेल्या क्रमाने निवडतात तेव्हा, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला तिसऱ्या फेरीत 69 व्या क्रमांकावर घेतलं. तो बोस्टन कॉलेजकडून खेळला आणि 2025 च्या वसंतात लावाल रॉकेटमध्ये आला. लावालचा हा संघ कॅनेडियन्सचाच. भारतीय संघाआधी रणजी, तसं एनएचएल या मुख्य लीगच्या आधी हे. मॉन्ट्रियलच्या गोलमध्ये सॅम मोंतांबो आणि याकुब डोबेश आहेत. मोंतांबोला 2021 मध्ये फ्लोरिडाच्या संघाने सोडून दिल्यावर कॅनेडियन्सने उचललं होतं. चेक प्रजासत्ताकातून आलेल्या डोबेशने 2024 च्या डिसेंबरअखेरीस पहिल्याच सामन्यात, त्या वर्षीच्या विजेत्या फ्लोरिडाला एकही गोल करू दिला नाही. दोघांचेही करार 2027 च्या उन्हाळ्यात संपतात. तोवर ठरवायचं आहे की पुढची दहा वर्षं कोणाच्या हवाली करायची. हा 2025 चा हंगाम नुकताच सुरू झाला आहे आणि निकाल मात्र आजच हवा, अशा थाटात लोक बोलताहेत.

मी पुण्याची. हॉकी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे खडकीची मैदानं आणि धनराज पिल्ले. बर्फावरचा हा खेळ मी इथे आल्यावर पाहिला. पक म्हणजे कडक रबराची 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची चकती. वजन 170 ग्रॅमच्या आसपास. गोल 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच. त्यापुढे उभ्या असलेल्या माणसावर या शहराने जितकं प्रेम केलं आणि जितका राग काढला, तितका दुसऱ्या कुठल्याच खेळाडूवर काढला नाही.

त्यातला पहिला जॉर्ज व्हेझिना. उत्तरेकडच्या शिकुतिमी गावचा. 1910 मध्ये तो संघात आला आणि पुढची पंधरा वर्षं एकही सामना चुकला नाही. त्याच्या सुरुवातीच्या काळात गोलरक्षकाने बर्फावर पडायचंच नाही असा नियम होता. एनएचएलने तो जानेवारी 1918 मध्ये काढला. 28 नोव्हेंबर 1925 च्या सामन्यात ताप अंगात घेऊन तो उतरला आणि पहिल्या सत्रानंतर परतलाच नाही. क्षयरोग होता. मार्च 1926 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी तो गेला. त्याची जागा घेईल असा माणूस संघाने तयारच केला नव्हता, आणि त्या हंगामात कॅनेडियन्स तळाला राहिले. पुढच्या वर्षी मालकांनी त्याच्या नावाचा करंडक दिला. सर्वोत्तम गोलरक्षकाला आजही तोच मिळतो, आणि पहिली तीन वर्षं तो मिळवणारा जॉर्ज हेन्सवर्थ व्हेझिनाच्याच जागी आलेला. 1928-29 मध्ये हेन्सवर्थने 44 पैकी 22 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही.

त्या काळात संघाकडे दुसरा गोलरक्षक नसायचाच. दोन गोलरक्षक तयारीत ठेवण्याची सक्ती 1965 मध्ये आली. तोवर एकट्या माणसाने सगळा हंगाम पेलायचा. बिल डर्नन दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने पक अडवायचा आणि सात हंगामांत सहा वेळा त्याने व्हेझिना करंडक घेतला. पण 1950 च्या बाद फेरीत न्यूयॉर्कविरुद्ध तीन सामने हरल्यावर त्याने स्वतःच बाजूला व्हायचं ठरवलं. मन थकलं होतं. त्याच्या जागी जेरी मॅकनील आला, आणि तीन वर्षांनी तोही त्याच वळणावर आला. 1953 मध्ये शिकागोविरुद्ध संघ 3-2 असा मागे होता, तेव्हा प्रशिक्षक डिक अर्विनने शाविनिगनच्या जाक प्लांत नावाच्या, फारसा कोणी न पाहिलेल्या मुलाला उतरवलं. प्लांतने तो सामना शून्यावर जिंकून दिला, मालिकाही जिंकली. तरी अंतिम मालिका संपवायला मॅकनीलच परत आला आणि लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली चषक त्याच्या हातून आला. मला या घटनेत अर्विनचं शहाणपण दिसतं: मुलगा चालला म्हणून आधीच्या माणसाला त्याने टाकून दिलं नाही. गोलमधली कायमची जागा प्लांतला त्यानंतर हळूहळू मिळाली, आणि 1956 ते 1960 सलग पाच स्टॅन्ली चषक आले.

प्लांतबद्दल मला विशेष ममत्व आहे. दमेकरी माणूस, स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, मुखवटा घालूनच खेळेन. फायबरग्लासचा तो मुखवटा तो सरावात वापरायचा. प्रशिक्षक टो ब्लेकला मुळीच पसंत नव्हता. पण दुसरा गोलरक्षक होताच कुठे? ब्लेकला मान्य करावं लागलं, मॉन्ट्रियल 3-1 जिंकलं. तोंडावर जखमा झेलणाऱ्यालाच शूर मानणाऱ्या त्या खेळात एका माणसाने आपल्या शरीराची बाजू घेतली, ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना आवर्जून सांगते. त्यातले बहुतेक जण दुखणं लपवत असतात.

आता केन ड्रायडन. घाई करणारे सगळे त्याचंच उदाहरण देतात. 1971 च्या मार्चमध्ये तो पहिल्यांदा खेळला, हंगामात फक्त सहा सामने, सहाही जिंकले. बाद फेरीत समोर बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटोचा बोस्टन, त्या वर्षीचा सगळ्यांत तगडा संघ. अनुभवी रोजी व्हाशाँ बाकावर आणि गोलमध्ये हा 6 फूट 4 इंच उंचीचा, मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकणारा मुलगा. सात सामन्यांत बोस्टन गारद, मग मिनेसोटा, मग शिकागो, आणि स्टॅन्ली चषक. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. नवोदिताचं पारितोषिक त्यानंतरच्या वर्षी मिळालं, कारण सहा सामन्यांमुळे तो अजून नवोदितच होता! नोव्हेंबर 1971 मध्ये व्हाशाँला लॉस एंजेलिसला पाठवलं.

सहा सामने सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्याआधीची सात वर्षं कोणी मोजत नाही. ड्रायडनला बोस्टननेच 1964 च्या ड्राफ्टमध्ये 14 वा निवडला होता आणि काही दिवसांतच मॉन्ट्रियलला देऊन टाकला होता. मॉन्ट्रियलचे व्यवस्थापक सॅम पोलॉक थांबले. मुलगा कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, 1967 मध्ये तिथे अमेरिकन विद्यापीठांचं विजेतेपद मिळवून दिलं, मग कॅनडाच्या राष्ट्रीय संघात आणि नंतर कॅनेडियन्सच्या दुय्यम संघात खेळला. बोस्टनपुढे उभा राहिला तेव्हा तो 23 वर्षांचा होता. पुढे 1973-74 चं सबंध वर्ष पैशांच्या मतभेदावरून खेळ सोडून टोरांटोत वकिलीची उमेदवारी करण्याइतकं त्याचं मन स्वतंत्र होतं. एकूण सहा चषक जिंकून, 31 व्या वर्षी त्याने खेळ सोडला. पुस्तकं लिहिली, केंद्रीय मंत्री झाला. 2025 च्या सप्टेंबरात तो गेला.

पॅट्रिक रुआ हे दुसरं उदाहरण, आणि तिथेही लोक मधलं पान उलटून पुढे जातात. 1984 चा ड्राफ्ट, 51 वा क्रमांक. फाउलरसारखाच तिसऱ्या फेरीतला. फेब्रुवारी 1985 मध्ये एका सत्रापुरता मॉन्ट्रियलसाठी उतरला, मग शेरब्रुकच्या दुय्यम संघात गेला आणि तिथे दुय्यम लीगचा कॅल्डर चषक जिंकला. शेरब्रुकमध्ये त्याला प्रशिक्षक फ्राँस्वा अलेर भेटले. गुडघे टेकून पाय पसरायची पद्धत, जिला फुलपाखरू म्हणतात, ती अलेरनी त्याच्याकडून कोन मोजून, पुन्हा पुन्हा करवून घोटून घेतली. आज जगभर गोलरक्षक असेच खेळतात, आणि माझ्या टेबलावर येणारे खुबेही त्याच पद्धतीने झिजलेले. 1986 मध्ये 20 वर्षांच्या रुआने चषक आणून दिला; 1993 मध्ये पुन्हा, त्यात सलग दहा सामने जादा वेळेत जिंकून. त्यानंतर कॅनडातल्या कुठल्याच संघाला स्टॅन्ली चषक मिळालेला नाही.

2 डिसेंबर 1995 चा शनिवार. मी तेव्हा मॉन्ट्रियलच्या कोत-दे-नेज भागात एका वृद्ध फ्रेंचभाषक बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. शनिवारी रात्री त्या मला खाली सामना बघायला बोलवायच्या, आणि खेळातलं जे मला कळतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं. त्या रात्री डेट्रॉइटने गोलांमागून गोल केले. रुआने साधा फटका अडवला तर फोरम या मॉन्ट्रियलच्या तेव्हाच्या स्टेडियममधले प्रेक्षक खोचक टाळ्या वाजवायला लागले. त्याने दोन्ही हात वर केले. प्रशिक्षक मारिओ ट्राँब्लेने त्याला नऊ गोल होईपर्यंत बाहेर काढलं नाही. बाहेर आल्यावर तो सरळ बाकामागे बसलेल्या अध्यक्ष रोनाल्ड कोरींकडे गेला आणि मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना असं सांगून टाकलं. निकाल 11-1. बाई रडत होत्या. चार दिवसांत रुआला कोलोरॅडोला देऊन टाकलं आणि त्याच हंगामात कोलोरॅडोने चषक जिंकला. रागाच्या भरात ज्या गोलरक्षकाला घालवलं, त्याच्या तोडीचा माणूस शोधायला शहराला पुढे दहा वर्षं लागली.

तो सापडला 2005 च्या ड्राफ्टमध्ये, पाचव्या क्रमांकावर. केरी प्राइस ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहिम लेकचा, आई उलकाचो या मूलनिवासी समाजाची. सराव 300 किलोमीटरपेक्षा दूर विल्यम्स लेकला, म्हणून वडील छोट्या विमानातून त्याला घेऊन जायचे. 2007 मध्ये त्याने हॅमिल्टनच्या दुय्यम संघाला कॅल्डर चषक मिळवून दिला आणि त्याच शरद ऋतूत, वयाच्या 20 व्या वर्षी, मॉन्ट्रियलने त्याला वर घेतलं. 2008 च्या फेब्रुवारीत त्याची वाट मोकळी करायला अनुभवी क्रिस्टोबाल ह्युएटलाही पाठवून दिलं. माझ्या मते ही घाई होती, आणि तिची किंमत मुलाने भरली. एप्रिल 2009 मध्ये बोस्टनविरुद्ध प्रेक्षकांनी त्यालाही तशाच खोचक टाळ्या दिल्या आणि त्यानेही रुआसारखेच हात वर केले. 21 वर्षांचा होता.

2010 मध्ये संघातला दुसरा गोलरक्षक यारोस्लाव्ह हालाक याने प्राइसची जागा घेऊन वॉशिंग्टन आणि पिट्सबर्गला हरवलं. वॉशिंग्टनविरुद्धच्या एका सामन्यात 53 फटके अडवले. 2005 पासून लीगमध्ये पगारांवर कमाल मर्यादा असल्याने दोघांना ठेवणं अवघड होतं. सगळं शहर हालाकच्या बाजूने. जूनमध्ये संघाने हालाकलाच सेंट लुइसला पाठवलं. संघाचा हा निर्णय बरोबर होता. पुढच्या हंगामात प्राइस 72 सामने खेळला, 2014-15 मध्ये 44 सामने जिंकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 2021 मध्ये त्याने संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेलं. त्या उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर 2022 च्या एप्रिलमध्ये मोजके सामने, आणि संपलं. वर्षाला 1 कोटी 5 लाख डॉलरचा त्याचा करार कागदावर मात्र 2025 च्या सप्टेंबरपर्यंत मॉन्ट्रियलकडेच होता. मग तो सॅन होजेला दिला गेला.

2010 साली प्राइसला उचलून धरणारं व्यवस्थापन मला मान्य आहे, पण त्याच प्राइसला 2007 साली हॅमिल्टनमध्ये आणखी एक हिवाळा मिळायला हवा होता, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणते. 2025 चा हंगाम सुरू झाला तेव्हा फाउलरचं वय 20. लावालची प्लास बेल ही इमारत मेट्रोच्या नारिंगी मार्गाच्या शेवटच्या स्थानकाला लागूनच आहे. मी तिथे जाऊन बसते. गोल झाला तर तिथले लोक हळहळतात, पण दुसऱ्या दिवशी त्यावरून कोणी त्याचं आयुष्य ठरवत नाही. फटका येण्याआधीच तो जागेवर पोहोचलेला असतो, त्यामुळे त्याला झेपावं कमी लागतं, आणि खुब्यासाठी यापेक्षा चांगली सवय नाही.

माझं म्हणणं एवढंच की 2027 पर्यंतचा वेळ व्यवस्थापनाच्या हातात आहे आणि तो त्यांनी पुरता वापरावा. मोंतांबोची एखादी आठवडाभराची पडझड किंवा डोबेशची एखादी वाईट रात्र, एवढ्या कारणाने मुलाला वर ओढू नये. मॉन्ट्रियलमध्ये कोणी जखमी झालं तर त्याला चार सामन्यांसाठी बोलवावं आणि परत लावालला पाठवावं, अर्विनने प्लांतला पाठवलं तसं. तिथे या हिवाळ्यात त्याला किमान चाळीस सामने मिळावेत. आणि डोबेशला विकायची घाई तर मुळीच करू नये. पुढे फाउलरच नंबर एक ठरला, तरी वर्षातले सगळे सामने एका माणसाच्या गुडघ्यांवर टाकून चालत नाही, हे केरी प्राइसचा गुडघा पाहिलेल्या शहराला तरी कळायला हवं.