यादीत नसलेलं दगडफूल

केंद्र सरकारच्या मसाले मंडळाचं, म्हणजे स्पायसेस बोर्डाचं मुख्यालय कोचीत आहे. मंडळाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत ५२ मसाले आहेत. मिरची, धने, जिरे, हळद, लवंग, खसखस, चिंच आहे, आपलं कोकमसुद्धा आहे. ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी, पार्सली, टॅरॅगॉन हेही आहेत. दगडफूल मात्र नाही. तिरफळ नाही, नागकेशर नाही. कोल्हापुरात वर्षाची चटणी करायला घेतलेल्या घरात दगडफुलाची पुडी हमखास सापडेल. टॅरॅगॉन कशाशी खातात हे तिथं कुणाला ठाऊक नसेल. (कांदा-लसूण मसाल्याला इथं चटणीच म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी.) यादी कुणाच्या ताटाकडे बघून केली, हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या लेखी मसाला म्हणजे परकीय चलन, आणि त्यातही मुख्यतः काळी मिरी व वेलदोडा. १९६० मध्ये मसाले निर्यात प्रोत्साहन परिषद निघाली. १९६५ च्या वेलदोडा कायद्यातून वेलदोडा मंडळ आलं. या दोघांची मोट बांधून २६ फेब्रुवारी १९८७ रोजी आजचं मंडळ सुरू झालं, तेही वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली. कामाची वाटणी तेव्हाच ठरून गेली. वेलदोड्याची लागवडीपासून विक्रीपर्यंत सगळी काळजी मंडळाने घ्यायची. बाकीच्या मसाल्यांची मुख्यतः निर्यात सांभाळायची. रानात काय पिकतं, बाजारात काय भाव फुटतो, देशातला माणूस काय खातो, हे कृषी खातं, राज्यं आणि बाजार समित्यांनी बघावं.

मिरची या वाटणीत दुसऱ्या बाजूला पडली. कोल्हापूरची चटणी एका मिरचीवर होत नाही. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ठसक्याला लवंगी, असं जुनं गणित. अलीकडे लवंगीच्या जागी गुंटूरकडची तेजाही शिरली आहे. संकेश्वर कर्नाटकात, पण त्या मिरचीची बाजारपेठ म्हणून नाव गडहिंग्लजचं. गेल्या काही दशकांत ऊस आणि सोयाबीनने तिची रानं घेतली, आणि आता अस्सल संकेश्वरी म्हणून जे विकलं जातं त्याकडे जाणती बाई दोनदा बघते. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग काढून परदेशी पाठवणारे कारखाने उभे राहिले आणि ती मंडळाच्या नजरेत भरली. संकेश्वरी घरातच संपते, म्हणून तिच्याकडे कोण बघणार?

मंडळाने सगळ्यात चोख काम केलं ते तपासणीचं. १९८९ मध्ये कोचीत प्रयोगशाळा झाली, पुढे मुंबई, गुंटूर, चेन्नई अशा ठिकाणी झाल्या. खरी परीक्षा आली २००३ मध्ये. भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान-१ हा रंग असल्याचा इशारा फ्रान्सने दिला. मेण आणि बुटाच्या पॉलिशला वापरायचा हा रंग फिकट पुडीला लालभडक करतो, आणि तो कर्करोगाच्या संशयितांपैकी आहे. मंडळाने त्याच वर्षी परदेशी जाणाऱ्या मिरचीची तपासणी सक्तीची केली. पण आधी गेलेला माल कुठं कुठं मुरला होता ते २००५ च्या फेब्रुवारीत कळलं: ब्रिटनमध्ये एका वूस्टर सॉसमध्ये तो रंग सापडला, आणि तो सॉस घातलेले शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले.

सुदान रंगाला देशातही बंदीच होती. पण देशातल्या पुडीचा नमुना अन्न निरीक्षक घेईल तेव्हाच घेणार. निर्यातीच्या खेपेला प्रमाणपत्राशिवाय बंदर सोडता येत नाही. एकाच मिरचीला दोन चाळण्या, आणि बारीक चाळणी परक्यासाठी. कोल्हापूरकरांनी आपली प्रयोगशाळा आधीच शोधून ठेवली होती. मिरची स्वतः निवडायची, देठ खुडायचे, उन्हात कडकडीत वाळवायची आणि कांडपाच्या डंकासमोर पुडी होईस्तोवर ठाण मांडून बसायचं. तयार पाकिटं घराघरांत पोहोचली तरी मार्च ते मे या डंकांची गर्दी सरत नाही, त्याचं निम्मं कारण चव आणि निम्मं अविश्वास, असं मला वाटतं.

आता देशाचा हिशेब. आपण वर्षाला एक कोटी टनांहून जास्त मसाले पिकवतो. आकडा ऐकून छाती फुगण्याआधी एक ध्यानात घ्यावं: त्यात लसूण आणि आलंही धरलेलं असतं, आणि सर्वांत मोठा वाटा लसणाचाच. २०२३-२४ मध्ये निर्यात झाली सुमारे १५ लाख टन, किंमत जवळपास ३७ हजार कोटी रुपये. उरलेलं सगळं आपणच खातो. जगात सर्वाधिक मसाला पिकवणारा देश सर्वाधिक खाणाराही आहे, आणि त्याची सर्वांत मोठी संस्था मात्र बंदराकडे तोंड करून बसली आहे.

शिवाय चटणीतलं सगळं देशात पिकतही नाही. लवंग बरीचशी मादागास्कर, कोमोरोस, इंडोनेशियाकडून येते. दालचिनी म्हणून मिळणारी जाड साल बहुधा व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा चीनची. खसखशीसाठी तुर्कस्तानकडे बघावं लागतं. हिंगाचा कच्चा चीक अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानचा. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचं रोप लावलं गेलं ते थेट ऑक्टोबर २०२० मध्ये. काळ्या मिरीवर आपण शतकानुशतकं मिरवलो, पण व्हिएतनामने निर्यातीत मागे टाकलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये स्वस्त आयात रोखायला किलोला ५०० रुपये किमान आयातदर लावायची वेळ आली.

त्यानंतरची वर्षं मिरचीने गाजवली. २०२१-२२ च्या हंगामात काळ्या फुलकिड्याची नवी जात तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकात पसरली, पीक बसलं, भाव चढले. चढे भाव बघून लागवड वाढली. मग ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजारात दर असे कोसळले की चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयावर दगडफेक केली, गाड्या पेटवल्या. पुढच्याच महिन्यात हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणाने हरकत घेतली. मंडळाने त्या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची तपासणी लगेच सक्तीची केली. देशातल्या पाकिटांचे नमुने घेणं हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं काम, ते त्यांनी केलं. ब्याडगीत जळलेल्या गाड्या मात्र यांपैकी कुणाच्याच खात्यात येत नव्हत्या.

हळदीने वेगळी चूल मांडली. १४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, मुख्यालय निजामाबादला. सांगलीकरांना ते लागलं, आणि लागणारच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालेलं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद साठवायची रीत जुनी, २००५ च्या पुराने त्या पेवांचं अतोनात नुकसान केलं. तरी मुख्यालय कुठंही असो, हळदीला वाली मिळाला. मिरचीला तो नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंटूरला भाव पडले तेव्हा केंद्राने आंध्रच्या शेतकऱ्यांसाठी क्विंटलला ११,७८१ रुपये दर धरून फरक भरून द्यायचं ठरवलं. ती योजना कृषी मंत्रालयाची होती, आंध्रपुरती होती, आणि ब्याडगी व गडहिंग्लज तिच्या बाहेर राहिले.