बोधचिन्हाची घडण आणि अभिप्राय

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव राज्यभर परिचित झाले ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. पोत्यांतून घाऊक बाजारात जाणाऱ्या साखरेला वेगळा चेहरा लागत नाही. मात्र याच परिसरातील गुऱ्हाळाचा गूळ एक किलोच्या वेष्टनात पुण्या-मुंबईच्या दुकानात पोहोचला, की शेजारच्या दहा वेष्टनांतून तो ग्राहकाला ओळखू यावा लागतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन प्रदेशाचे असते. स्वतःची ओळख उत्पादकालाच घडवावी लागते. नाव, बोधचिन्ह, अक्षरांचे वळण आणि रंग यांच्या मेळातून ती साकारते. हा मेळ साधला की नाही, हे अभिप्रायाशिवाय कळत नाही.

उशिराचा अभिप्राय महाग

'मिंत्रा' या कंपनीच्या बोधचिन्हाविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या सायबर पोलिसांकडे तक्रार झाली. त्याचा आकार स्त्रियांसाठी अवमानकारक असल्याचा आक्षेप होता. कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये ते बदलण्याचे मान्य केले; संकेतस्थळापासून वेष्टनांपर्यंत सर्वत्र हा बदल करावा लागणार होता. अमेरिकेतील 'गॅप' या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आणलेले नवे बोधचिन्ह ग्राहकांच्या नाराजीमुळे आठवडाभरातच मागे घेतले. मोठ्या कंपन्या असा खर्च पेलू शकतात. हजारो वेष्टने छापून बसलेल्या छोट्या उत्पादकाला मात्र तो परवडत नाही. म्हणून अभिप्राय छपाईपूर्वी, कच्च्या आराखड्यावरच घ्यावा.

कोणाला आणि काय विचारावे?

घरची मंडळी व मित्र बहुधा कौतुकच करतात. माल विकणारे दुकानदार, विकत घेणाऱ्या गृहिणी आणि वेष्टन छापणारा मुद्रक यांची मते अधिक उपयोगी ठरतात. 'कसे वाटले?' या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी आराखडा पाच सेकंद दाखवून बाजूला ठेवावा आणि काय दिसले, कोणता पदार्थ वाटला, नाव काय होते, हे विचारावे. गुळाची ढेप कोणाला घंटा वाटली, तर ते त्याच वेळी कळते. तेच चिन्ह नाण्याएवढे लहान करून आणि एकाच रंगात छापूनही दाखवावे. प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. चारचौघांत पहिल्याचे मत इतरांवर पडते.

सूचनेमागील अडचण

प्रत्येक सूचना जशीच्या तशी अमलात आणल्यास आराखड्याची गोधडी होते. 'लाल रंग घाला' असे कोणी सुचवितो, तेव्हा त्याला नाव उठून दिसत नसावे. अक्षरे ठळक केल्यानेही ही अडचण दूर होऊ शकते. एखाद्याच्या आवडीनिवडीची नुसती नोंद ठेवावी. परंतु परस्परांशी न बोललेले अनेक जण एकाच जागी अडखळत असतील, तर तेथे दुरुस्ती हवीच. उदाहरणार्थ, रसायनविरहित गूळ सहसा गडद रंगाचा असतो. त्याचे वेष्टन पिवळेधमक केले आणि ग्राहकांची आतल्या मालाविषयी चुकीची समजूत होऊ लागली, तर रंग बदलणेच योग्य. एका वेळी एकच मोठा बदल करावा आणि सुधारित आराखडा नव्या व्यक्तींना दाखवावा. आधी पाहिलेल्यांना उत्तर ठाऊक झालेले असते. अंतिम निर्णय मात्र एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा.

नोंदणीपूर्वीच फेरफार

ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणीनंतर चिन्हाची मूळ ओळख बदलेल असा फेरफार करता येत नाही. त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो. त्यामुळे अभिप्रायांच्या फेऱ्या संपवून आणि तत्सम चिन्ह आधीच नोंदलेले नाही याची खात्री करून मगच अर्ज करावा. 'कोल्हापुरी गूळ' हे मानांकित नाव वापरायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.