केशगळतीवरील उपचारांचा इतिहास : घरगुती औषधी आणि वैद्यकीय चिकित्सा (सोलापूरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

केस गळणे हा प्राणघातक विकार नसला तरी माणसाच्या आत्मविश्वासावर आणि सामाजिक व्यवहारावर त्याचा खोल परिणाम होतो. त्यामुळे या विकारावरील उपायांची परंपरा दीर्घ आहे. घरगुती औषधी आणि वैद्यकीय चिकित्सा यांचा परस्परसंबंध इतिहासाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उपाय नैसर्गिक की कृत्रिम, यापेक्षा उपचारापूर्वी रोगाचे कारण ओळखले गेले की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार

सुश्रुतसंहितेत ‘इंद्रलुप्त’ या विकाराची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ रोमकूप बंद करतो, म्हणून नवे केस उगवत नाहीत, अशी त्याची मीमांसा आहे. उपचारांत रक्तमोक्षण आणि गुंजेच्या बियांचा लेप सांगितला आहे. गुंजेचे बी अत्यंत विषारी असते. वनस्पतिजन्य औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, ही समजूत त्यामुळे प्राचीन शास्त्रालाही लागू पडत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तिन्ही दोषांच्या प्रकोपाने आलेले टक्कल असाध्य मानले आहे. साध्य आणि असाध्य यांतील हा भेद वैद्याच्या प्रामाणिकपणाचा निदर्शक होय.

सोलापूर परिसरातील घरगुती परंपरा

मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा बोलणाऱ्या सोलापूर शहरात एकाच वनस्पतीला तीन नावे आहेत. मराठीतील माका कन्नडमध्ये गरुग, तर तेलुगूमध्ये गुंटगलगर म्हणून ओळखला जातो. संस्कृत ग्रंथांतील भृंगराज तो हाच. माका, आवळा, ब्राह्मी व जास्वंद घालून उकळलेले तेल आणि न्हाण्यासाठी शिकेकाई व रिठा हा अनेक घरांतील परिपाठ होता.

अशा उपायांना कीर्ती कशी लाभते, हेही पाहिले पाहिजे. विषमज्वर, बाळंतपण किंवा मोठे आजारपण यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप पुन्हा येतात. त्या काळात जे तेल वापरले जाते, त्याच्या पदरी यश पडते. तथापि सर्वच घरगुती उपाय निराधार नाहीत. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. त्याच कांद्याच्या रसाचा प्रयोग बगदादमधील संशोधकांनी चाईच्या रुग्णांवर केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. रस लावलेल्या २३ रुग्णांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. साधे पाणी लावलेल्या १५ जणांपैकी केवळ दोघांना आले. प्रयोग लहान होता आणि तो चाईपुरताच मर्यादित होता. आनुवंशिक टकलाला त्याचा आधार देता येत नाही.

आधुनिक वैद्यक आणि कायदा

जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये पुरुषी टक्कल आणि पुरुष-संप्रेरके यांचा संबंध दाखवून दिला. पुढे रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिलमुळे अंगावर केस वाढतात, असे आढळले. त्यातूनच तयार झालेल्या लेपनौषधाला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टेराइडला १९९७ मध्ये, तर तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड बंद केल्यास काही महिन्यांत लाभ ओसरतो. म्हणजे येथेही कायमचा उपाय नाही.

सोलापूर ज्या मुंबई प्रांतात होते, तेथे १९३८ च्या कायद्याने वैद्यांच्या नोंदणीस मान्यता दिली. आज शहरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय या दोन्ही परंपरांच्या संस्था आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत टकलाचा समावेश असून, ते बरे करण्याचा दावा औषधाबाबत करता येत नाही, असे बंधन आहे. वाग्भटाने आखलेली असाध्यतेची मर्यादा जाहिरातींनी पुसून टाकली. ती पुन्हा आखण्याचे काम कायद्याला करावे लागले.

बुलढाण्याचा धडा

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातील बोंडगाव, कालवड आदी गावांत अनेकांचे केस अल्पावधीत गळून टक्कल पडले. प्रथम पाणी आणि बुरशी यांविषयी संशय व्यक्त झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १८ गावांतील २७९ रुग्णांच्या संदर्भात अभ्यास करून रक्त, लघवी आणि केस यांत सेलेनियमचे अतिप्रमाण असल्याचे सांगितले व त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. पुढे काही रुग्णांची नखेही गळू लागली. ज्या व्याधीचे मूळ आहारात शोधावे लागले, तिथे केवळ टाळूला तेल चोळून काय साध्य झाले असते? भीती आणि सामाजिक अवहेलना यांत सापडलेल्या त्या ग्रामस्थांना पहिली गरज होती ती योग्य तपासणीची.

निष्कर्ष

घरगुती औषधी आणि वैद्यकीय चिकित्सा यांत मूलतः वैर नाही. तेलाने केसांचा कोरडेपणा आणि तुटणे कमी होते, अभ्यंगाने समाधान मिळते. मात्र रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, चाई किंवा विषबाधा यांचे निदान त्याने होत नाही. म्हणून आधी निदान, मग चिकित्सा आणि तिच्या जोडीला, वैद्य वा डॉक्टरांना सांगून, घरगुती उपाय असा क्रम असावा. सोलापूरसारख्या शहरात दोन्ही शास्त्रांच्या महाविद्यालयांनी केशविकारांच्या नोंदी एकत्रितपणे तपासल्यास कोणता उपाय कोणत्या रुग्णाला उपयुक्त ठरतो, यावर प्रकाश पडेल. साध्य काय आणि असाध्य काय, हे रुग्णाला स्पष्टपणे सांगणे, हाच या दीर्घ परंपरेतील सर्वांत मोलाचा वारसा आहे.