भिंतीला ओल: पाणी येतं कुठून आणि घरच्या घरी काय करता येतं?

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे सरले की अनेक घरांत भिंतीवर पिवळसर डाग दिसू लागतो. रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात आणि बोट लावलं की पांढरा भुगा गळतो. दिवाळीच्या आधी रंगारी येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो. पुढच्या जुलैत डाग पुन्हा त्याच जागी हजर! दोष रंगाचाही नसतो आणि बहुतेक वेळा रंगाऱ्याचाही नसतो. पाणी कुठून शिरतंय हे कोणी शोधलेलंच नसतं.

तो पांढरा भुगा म्हणजे क्षार. विटा, वाळू आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येतात. तिथं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. म्हणून बाहेरून पाणी येत असताना आतून 'वॉटरप्रूफ' रंग लावण्यात बहुतेकदा पैसेच वाया जातात. पाण्याची वाट बंद होत नाही, ते फक्त बाजूला सरकतं.

डाग केव्हा वाढतो?

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पेन्सिल. डागाच्या कडेनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दर चार दिवसांनी नवी रेघ ओढा. पंधरा दिवसांत भिंत स्वतःच बोलू लागते.

पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डाग वाढत असेल, तर पाणी गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून किंवा खिडकीच्या कडेनं येतंय. मे महिन्यातही डाग ओलाच असेल, तर संशय नळाच्या पाइपावर घ्या, कारण त्यात पाण्याचा दाब चोवीस तास असतो. आणि आंघोळी-कपडे झाल्यावरच डाग गडद होत असेल, तर सांडपाण्याची नळी, नहाणी ट्रॅप किंवा लाद्यांचे सांधे तपासा.

आमच्या घरात एका भिंतीला सलग दोन वर्षं रंग दिला. पाणी पावसाचंच असणार अशी सगळ्यांची खात्री होती. शेवटी दोष निघाला भिंतीपलीकडच्या गीझरच्या पाइपाच्या सांध्यात. उन्हाळ्यात एकदा भिंतीला हात लावून पाहिला असता तर दोन रंगांचा खर्च वाचला असता.

पाइपाची शंका असेल तर घरातले सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या मीटरचा काटा पाहा. कोणी पाणी वापरत नसताना काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. (आधी फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपत नाही ना, तेही बघा.) फ्लॅटला स्वतंत्र मीटर नसेल तर न्हाणीघराच्या लाइनचा व्हॉल्व्ह एक-दोन दिवस बंद ठेवा, तेवढ्यापुरतं पाणी बादलीनं न्या आणि ओल कमी होते का ते पाहा.

सांडपाण्याची परीक्षा थोडी वेगळी. जाळी काढून नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्यानं घट्ट बंद करा. फरशीवर उंबरठ्याच्या खाली राहील इतपत पाणी साठवा आणि त्यात कपड्यांची नीळ टाका. चोवीस तासांत खालच्या घराच्या छताला ओल आली, तर फरशी किंवा लाद्यांचे सांधे गळतायत. ओल आली नाही, आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर मात्र आली, तर दोष ट्रॅपच्या किंवा नळीच्या जोडात आहे. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. निळा डाग सापडला तर वाद निम्मा मिटतो.

कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी दिसते, पण पाणी कुठून येत असेल ते कळत नाही, अशी वेळ असेल तर भिंत पुसून कोरडी करा आणि फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा. दोन दिवसांनी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील, तर ओल भिंतीतून येतेय. थेंब बाहेर, खोलीच्या बाजूला असतील, तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. अशा ठिकाणी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं आणि हवा खेळती ठेवणं एवढ्यानंही पुष्कळदा भागतं.

जमिनीलगतची ओल

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच, आडव्या पट्ट्यासारखी ओल असेल, तर जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतंय. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल किंवा तो जुना होऊन फुटला असेल तर असं होतं. बैठ्या घरांत आणखी एक कारण हमखास सापडतं: अंगणात भर घालून, पेव्हर ब्लॉक बसवून जमिनीची पातळी जोत्याच्या वर नेलेली असते. मग जोत्याचा उपयोगच संपतो. भिंतीलगतची माती खाली उतरवणं आणि पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार देणं हे काम घरचेच लोक फावडं घेऊन करू शकतात. आतून तीन फूट सिमेंटचा गिलावा चढवला तर पाणी त्याच्याही वर चढून बाहेर पडतं.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांचं गणित आणखी निराळं. जांभा सच्छिद्र असतो, आणि पश्चिमेकडून येणारी झड थेट भिंतीवर आपटते. त्या बाजूला झावळ्यांचा आडोसा बांधायची जुनी रीत होती, ती बिनकामाची नव्हती. भिंतीवर पाणी आपटूच न देणं हा कुठल्याही रसायनापेक्षा भरवशाचा उपाय आहे.

स्वतः करण्याजोगी कामं

खिडकीच्या चौकटीभोवतीची फट भरणं सगळ्यात सोपं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. जुन्यावर नवं चिकटत नाही आणि ओल्या पृष्ठभागावरही नाही. ज्या सांध्यावर पुढे रंग द्यायचा आहे तिथं ॲक्रिलिक सीलंट वापरा, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. बाहेर चज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच आहे का तेही पाहा. ती नसेल तर पाणी चज्ज्याखालून सरकत भिंतीपर्यंत येतं.

गिलाव्यातला तडा नुसता वरून पुट्टी फासून बुजत नाही. छिन्नीनं तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा रुंद करा, ब्रशनं धूळ काढा, पाण्यानं जरा ओलसर करा आणि मग तडे भरायचं पॉलिमर मिश्रण करणीनं दाबून भरा. मात्र हे आतून किंवा सुरक्षित उभं राहता येईल अशाच जागी. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीसाठी दोरीवर किंवा चज्ज्यावर स्वतः उतरू नका.

गच्चीचं काम एप्रिल-मे महिन्यांत करायचं. इथं एक गोष्ट लोकांना पटत नाही: छतातून पाणी जिथं टपकतं, त्याच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. कोब्याच्या थरात पाणी आडवं फिरतं आणि स्लॅबला जिथं वाट सापडेल तिथं उतरतं. त्यामुळे दोन फुटांचं ठिगळ लावून गळती थांबली तर ते नशीब. शक्य असेल तर लेप पूर्ण गच्चीला द्या.

लेप देण्याआधी शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून काढा, पोकळ वाजणारा भाग फोडून पुन्हा भरा, पावसाळी पाइपाची तोंडं मोकळी करा. गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तो काटकोन सगळ्यात कच्चा दुवा असतो. तिथं गवंडी सिमेंटचा गोलसर वाटा काढतात. तो तडकला असेल तर आधी दुरुस्त करा आणि लेपात फायबरची जाळी बसवा. पहिला हात लांबीच्या दिशेनं मारला तर दुसरा त्याला आडवा मारा, म्हणजे सुटलेल्या जागा झाकल्या जातात. मिश्रणाचं प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ पुड्यावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा. अंदाजानं पाणी वाढवलं की लेप सहा महिन्यांत सुटतो.

लेप पक्का झाल्यावर पाणी साठवून परीक्षा घेतात, पण जुन्या, शंकास्पद स्लॅबवर ती घेऊ नका. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाणी म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त वजन.

लाद्यांच्या सांध्यांमधलं साधं सिमेंट ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही. न्हाणीघरात ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं तर बरीच गळती थांबते. काम चिकट आणि कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. फक्त थोडं थोडं मिश्रण करा, ते पटकन घट्ट होतं.

बुरशी पुसताना खिडक्या उघड्या ठेवा, मास्क आणि हातमोजे घाला. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

इथं हात लावू नका

ओल स्विचबोर्डाजवळ पोचली असेल तर त्या भागाचा एमसीबी आधी बंद करा. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, रंगाचा विचार नंतर. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. एमसीबी वायर आणि उपकरणं वाचवतो, अंगातून जाणारा विजेचा प्रवाह ओळखून वीज तोडतो तो आरसीसीबी.

दुसरी धोक्याची खूण म्हणजे तांबूस डाग. स्लॅब, तुळई किंवा खांबावर गंजाच्या रंगाची रेघ, तिच्यालगत सरळ तडा, काँक्रीटची खपली पडून उघडी पडलेली सळई. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर गिलावा करणं म्हणजे रोग झाकून ठेवणं. तिथं स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा.

गृहनिर्माण सोसायटीत राहत असाल तर खर्चाचा प्रश्न येतोच. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची, तसंच बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. न्हाणीघर, संडास, सिंक अशी आतली गळती सदस्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सेक्रेटरींना पत्र देताना पेन्सिलच्या त्या तारखांचे फोटो सोबत जोडा.

आणि रंग? गळती बंद झाल्यावरही नऊ इंची विटांची भिंत वाळायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. सुटलेला गिलावा काढून टाका, क्षार कोरड्या ब्रशनं झाडा (पाण्यानं धुतले तर ते पुन्हा आत जातात), पंखा लावून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करा. दोन दिवसांनी भिंतीची बाजू कोरडी निघाली की मग रंगाऱ्याला फोन करा.