तळटीप : ‘डॉक्टरबाई झिराड’

येथे अभिप्रेत आहेत त्या डॉ. जेरुशा झिराड. शहापूर-मुरबाडच्या सुइणींवरील प्रकरणात त्यांचे नाव आल्याने वाचक गोंधळण्याचा संभव आहे. हा मुलूख माळशेज आणि कसारा घाटांच्या पायथ्याचा. जेरुशाबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या; त्या समाजाची जुनी गावे मात्र अलिबाग, पेण, रोहे या बाजूची. झिराड हे आडनावही अलिबागजवळच्या गावाचे. पुढे नोकरीधंद्यानिमित्त यातली घरे मुंबई-ठाण्यात आली. ठाण्याचे ‘शआर हाशामाईम’ सिनेगॉग १८७९ चे.

जेरुशाबाईंनी १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार सांभाळला. पद्मश्री १९६६ मध्ये. एवढे चरित्रकोशातही सापडते. समाजातले काम तिथे एका ओळीत उरकले जाते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. बेने इस्रायल स्त्री मंडळ उभे करण्यात त्या पुढे होत्या. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्यांनी लग्न केले नाही, तेव्हा लेखकाने त्यांना ‘घरातली थोरली’ म्हटले आहे ते समाजाच्या नात्याने.

मलिदा या बेने इस्रायलींच्या धार्मिक विधीसाठी पोहे, खोबरे, गूळ, फळे जमवणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायकांची नावे संस्थांच्या कागदांत क्वचित येतात. लेखकाचा रोख बहुधा त्यांच्याकडे आहे. झिराड हे केवळ नोंद राहिलेले नाव.