लाल शाईतल्या वस्त्या

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या अमेरिकेतील विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने एक ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीयांत मृत्यूचे प्रमाण जास्त, कारण त्यांचा वंशच दुबळा, असा त्याचा निष्कर्ष. विमा नाकारणाऱ्यांना तो सोयीचाच होता! त्याच सुमारास डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे तरुण कृष्णवर्णीय अभ्यासक फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरत होते. १८९९च्या त्यांच्या ग्रंथात साधी मोजदाद आहे. २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर व शौचालयाची सोय केवळ ३३४ जणांना. रोगाचे मूळ शोधायला रक्त तपासण्याची गरज नव्हती, घर पाहिले तरी पुरे होते.

पण चांगल्या घरात जायचे कसे? १९१० मध्ये बाल्टिमोरने काळ्या-गोऱ्यांच्या गल्ल्या वेगळ्या करणारा नियमच केला. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नियम रद्द ठरवले, तेव्हा तीच अट खाजगी खरेदीखतांत शिरली. नाव सांगताच ‘जागा कालच गेली’ हे उत्तर आपल्याला ऐकून माहीत आहे. तिथे नकार रजिस्टर दस्तात लिहिलेला असे.

मग सरकार उतरले. मंदीत जप्त होणारी घरे वाचवण्यासाठी १९३३ मध्ये गृहकर्ज महामंडळ निघाले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, नंतर निळी, पिवळी आणि धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांचे मोहल्ले बहुधा लाल. काही इतिहासकार म्हणतात, खरे नुकसान या नकाशांनी नव्हे, तर कर्जाला हमी देणाऱ्या १९३४च्या फेडरल गृहनिर्माण प्रशासनाच्या नियमांनी केले. असेलही. ज्याचा अर्ज परत आला, त्याला खिडकी कोणती याचे काय?

कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही. शिशाच्या रंगाचे पोपडे निघत, ते रांगत्या मुलांच्या तोंडात जात, मेंदूवर परिणाम होई. घरांसाठी असा रंग वापरण्यावर १९७८ मध्ये बंदी आली, जुन्या भिंती मात्र तशाच राहिल्या. अनेक शहरांत महामार्गही याच वस्त्यांमधून काढले गेले.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरांतील भेदभाव बेकायदा ठरला. तरी २०२०च्या एका पाहणीत १०८ शहरांतील जुन्या लाल वस्त्या इतरांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापलेल्या आढळल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील आठ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दम्याने तातडीच्या विभागात जावे लागण्याचे प्रमाण उत्तम गणलेल्या वस्त्यांच्या तुलनेत लाल वस्त्यांत २.४ पट होते.