बारा व्होल्टचं बिल

यवतमाळच्या दत्त चौकातल्या किंवा मेन लाइनवरच्या एखाद्या कापड दुकानाचं, सराफी पेढीचं नूतनीकरण निघालं की छताबरोबर ट्रॅकलाइटचाही विषय निघतो. भिंतीच्या वळणासोबत वळणारी पट्टी, तिच्यावर हवे तिथे सरकणारे छोटे दिवे, आणि सगळं 12, 24 नाहीतर 48 व्होल्टवर. मालकाने बिलाचं विचारलं की उत्तर तयार असतं: "बारा होल्टच तं हाय भाऊ, बिल कितीक येते!" आता घरोघरीही हेच ऐकू येतं. पूर्वपक्ष असा: व्होल्ट कमी म्हणून वीज कमी, आणि व्होल्ट कमी म्हणून धोका नाही.

मीटर व्होल्ट मोजत नाही, युनिट मोजतो. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. आणि वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 60 वॅटचे दिवे 230 व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतात, 12 व्होल्टवर पाच. मीटरच्या लेखी दोन्ही 60 वॅटच.

"पण आमचं बिल खरंच कमी झालं," असं सांगणारे दुकानदार खोटं बोलत नाहीत. ते फक्त श्रेय भलत्याला देतात. अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावून पाहा. एलईडी येण्याआधी सराफांच्या शोकेसमध्ये जे हॅलोजन तळपायचे, त्यांतले पुष्कळसे 12 व्होल्टचेच होते. एकेक 50 वॅट खायचा आणि काउंटरवरच्या माणसाचं डोकं तापवायचा. म्हणजे व्होल्ट कमी, बचत शून्य. उलट 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेतला 9 वॅटचा बल्ब थेट 230 व्होल्टच्या होल्डरात बसतो, आणि जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाचं काम करतो. म्हणजे बचत आहे, कमी व्होल्ट नाहीत. नैयायिक अशा सोबत्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात: माती वाहून आणणारं कुंभाराचं गाढव घडा घडताना हजर असतं, म्हणून ते घड्याचं कारण होत नाही. बचत एलईडीची आहे. बारा व्होल्ट म्हणजे ते गाढव.

आणि हे गाढव थोडी वीज खातंही. 230 व्होल्टचे 12 करणारा डबा म्हणजे ड्रायव्हर; त्याच्यातली तूट सोडून देऊ, कारण 230 व्होल्टच्या बल्बाच्या पोटातही ड्रायव्हर असतोच. तार मात्र सोडून चालत नाही. ड्रायव्हरपासून दहा मीटरवर 60 वॅटची पट्टी, मध्ये एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. जाऊन-येऊन वीस मीटर तारेचा रोध सुमारे 0.36 ओहम. पाच अँपिअरला त्यात 1.8 व्होल्ट गळतात आणि नऊ वॅट तार तापवण्यात जातात. दुकानाच्या टोकाची पट्टी अलीकडच्यापेक्षा मंद दिसते ती याचमुळे, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की मालच हलका बसवला. तेवढाच भार 48 व्होल्टवर टाका: प्रवाह चौथाई, तारेतली तूट सोळावा हिस्सा, म्हणजे अर्ध्या वॅटच्या आसपास.

धोक्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोरड्या हाताला 12 किंवा 48 व्होल्टचा झटका बसत नाही, हे मान्यच. पण शॉक आणि आग या वेगळ्या गोष्टी. 12 व्होल्टवर 300 वॅटच्या पट्ट्या 25 अँपिअर घेतात. दोन किलोवॅटचा गिझरसुद्धा नऊच्या आत असतो. एवढा प्रवाह पिळून टेप गुंडाळलेल्या जोडातून गेला की जोड तापतो, आणि तो पीओपीच्या वर, कुणाला न दिसेल असा. एमसीबी पडेल म्हणावं, तर ती बसलेली असते 230 व्होल्टच्या बाजूला. तिला जेमतेम दीड अँपिअर दिसतात. ती कशाला पडेल? वायरमन चांगला असेल तर तो 12 व्होल्टच्या बाजूला वेगळा फ्यूज टाकतो. बहुतेक ठिकाणी असा फ्यूज नसतो.

त्यात आपला मे महिना. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वर तापलेला स्लॅब, खाली पीओपी, आणि मधल्या कोंडीत ड्रायव्हर. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. पहिल्याच उन्हाळ्यानंतर दिवे लुकलुकू लागले की दोष महावितरणच्या ‘होल्टेज’ला जातो, ड्रायव्हर हवेशीर जागी आहे का, हे कोणी पाहत नाही.

मग ट्रॅक लावूच नये का? जरूर लावावा, पण त्याच्या खऱ्या गुणांसाठी. दिवाळीच्या तोंडावर साड्यांची मांडणी बदलली की पोऱ्यासुद्धा चुंबकावरचा दिवा हाताने काढून दुसरीकडे चिकटवतो. ना वायरमन, ना झटका. पट्टी कमानीसोबत वळते, दिवा अंगठ्याएवढा राहतो. घ्यायचा तर 48 व्होल्टचाच घ्यावा. कोटेशनमध्ये एकूण वॅट, तारेची जाडी आणि ड्रायव्हरची जागा लिहून मागावी. दोन-चार सुटे दिवेही तेव्हाच घेऊन ठेवावेत, कारण एका कंपनीचा दिवा दुसरीच्या ट्रॅकवर बसेलच असं नाही.